शफ्याचं वय

११ नोव्हेंबर

मिरज स्टेशनवर सापडलेल्या पोराची केस विधी सेवेतून माझ्याकडे आली. शफीउल्ला. रोहिंग्या. आईबाप म्यानमारातच मारले गेले. चुलत्याबरोबर निघाला होता, चुलता वाटेत कुठं सुटला ते धड सांगताही येत नाही. वय विचारलं तर "पंद्रह". दिसतो बाराचा! हातापायाच्या नुसत्या काड्या.

अठराच्या आतला ठरला तर सरकारी देखभाल, शाळा, आणि दिल्लीच्या निर्वासित कार्यालयातला आश्रयाचा अर्ज निवांत चालवता येईल. नाही ठरला तर बिनकागदाचा परदेशी — सरळ तुरुंग. सगळं वयावर अडलंय.

१४ नोव्हेंबर

बालकल्याण समितीपुढं उभं केलं. अध्यक्षबाई चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "लहान आहे हे दिसतंयच की. वय नोंदवून टाकू?" मी म्हटलं, नको मॅडम, दिल्लीला अर्ज केलाय, तिथलं वय लिहिलेलं निर्वासित कार्ड येऊ दे, म्हणजे उद्या कुणाला बोट ठेवायला जागा नको. पुढची तारीख मागून घेतली. केवढी खूश होते मी बाहेर पडताना — फाइल कशी पक्की बांधतेय!

बालगृहात जागा नाही. तोवर ताबा माझ्या आष्ट्याच्या भाऊसोमामांकडे. मामा तालमीचे वस्ताद. समितीपुढं छाती काढून म्हणाले, "आवं, एवढी पोरं सांभाळतोय, त्यात आनि एक!"

२ डिसेंबर

कार्ड नाही. मामांचा फोन. "रेश्मे, तुझं अशील लय खातंय गं!" म्हशीचं दूध, अंडी, बदाम. पहाटे जोर-बैठका. तालमीतली पोरं त्याला शफ्या म्हणतात.

२१ जानेवारी

आष्ट्याला जाऊन आले. शफ्या तालमीत माती उकरत होता. ओळखूच आला नाही! मान भरलीय, दंड फुटलेत, मिसरूड आलंय. मला बघून हसला. "ताई, लय भारी हाय हितं!" मामा त्याच्या पाठीवर थापा मारतायत — "कसं आलतं आनि कसं केलंय बघ!"

मीही कौतुक केलं. फोटो काढला, घरी आईला दाखवला. वकील म्हणवते स्वतःला, आणि डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

८ मार्च

अध्यक्षबाईंची मुदत संपली. कार्डाचा पत्ता नाही.

१९ एप्रिल

नव्या समितीनं शफ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वकीलबाई, हे मूल?" मी नोव्हेंबरातलं सांगायला लागले. "मग तेव्हाच नोंद का करून घेतली नाहीत?"

त्यांनी वयाच्या चाचणीला पाठवलं — मनगट, दात, एक्स-रे. बाहेर मामा विचारत होते, "पोरगं धडधाकट हाय, मग फोटू कशाला काढत्यात?" त्यांना चहाला नेलं आणि विषय बदलला.

४ मे

अहवाल आला. अठरा ते वीस.

हाडांच्या चाचणीत दोनेक वर्षं इकडंतिकडं होतात, शंका आहे तर फायदा पोराला द्या — घसा बसेपर्यंत बोलले. समितीचं एकच, "वरच्या कोर्टात सांगा." दुपारी पोलिस घेऊन गेले. जीपमध्ये चढताना वळून म्हणाला, "ताई, मी काय केलं?"

तू काही नाही केलंस रे. एका ओळीची नोंद होत होती, ती मी थांबवली.

५ मे

मामांना रात्रभर झोप नाही. "मी त्याला खायाला घातलं, ते चुकलं व्हय गं?" नाही मामा. उपाशी पोराला तुम्ही जेवू घातलंत. हुशारी माझी नडली. हे त्यांना दहादा सांगितलं, पटलेलं दिसत नाही.

१६ मे

अपील दाखल केलं. तारीख लांबची. आजच दिल्लीहून मेल — अर्जदाराला मुलाखतीला घेऊन या. आता कुठून आणू?

२९ मे

मामा तुरुंगात भेटून आले. शफ्या जेवत नाही, ताट तसंच परत जातं. मामा रागावले, तर जाळीला तोंड लावून हळूच म्हणाला — "वस्ताद, परत बारीक झालो की सायब मला बारका म्हनतील नव्हं?"