मुक्ताची सीमेवरची गावं

१३ नोव्हेंबर २०२०, हूफडॉर्प, नेदरलँड्स
आजही मुक्ता दिवसभर स्तोयानबरोबर कॉलवर. एनस्खेडेच्या युनिव्हर्सिटीतला तिचा सहकारी, लॉकडाऊन लागल्यावर बल्गेरियात आईकडे गेलेला. तिथे सर्बियाच्या सीमेला लागून डोंगरातली काही गावं, माणसं सोडून गेलेली. त्यांच्यावर मु.ची पीएचडी. गावं त्याच्याच भागातली, म्हणून त्याला सगळं ठाऊक. मी बेडरूममध्ये, माझ्या मीटिंगला. भिंतीपलीकडे तिचं हसणं. माझ्याशी असं शेवटचं कधी...

२४ जानेवारी २०२१
कालपासून रात्री नऊनंतर बाहेर पडायचं नाही. जेवताना मु. सांगत होती, वरच्या गावातल्या शाळेत आता मेंढ्या बांधतात. मेलेल्यांचे फोटो छापलेले कागद दारांवर लावतात, वर्षं गेली तरी तसेच. काढायला घरात कुणी उरत नाही. छान सांगते. मी विचारलं, माझ्या नव्या मॅनेजरचं नाव काय? आठवेना तिला.

७ मार्च
मु. आंघोळीला गेली तेव्हा मॅपवर स्तोयानचं घर शोधलं. लाल कौलं, मागे आलुबुखाराची झाडं, खाली नदी, पलीकडे दुसरा देश. लाज वाटली. तरी बघत बसलो. संध्याकाळी सहज म्हणालो, नदी त्याच्या गावापाशीच वळते ना? केवढी खुलली! किती वेळ बोलत होती. मला कसं कळलं, ते विचारलं नाही. बरंच झालं.

११ जुलै
लस झाली, प्रवास सुरू झाला, मु. गेली. फोटो आला: स्तोयानच्या आईशेजारी अंगणात जर्दाळू फोडत बसलीय. तिथला सरपंच म्हणाला म्हणे, गावाची लोकसंख्या एकाने वाढली. तिला फार मजा वाटली. 'आपल्या घरची निम्म्याने घटली' असं लिहून खोडलं. नुसता अंगठा पाठवला.

२९ ऑगस्ट
परत कधी येतेस विचारायला फोन केला. म्हणाली, एका मास्तरांचं रिकामं घर मिळतंय, हिवाळा इथेच काढते. शेवटी विचारलंच, "स्तोयानची आयडिया?"
"माझी. तो पुढच्या आठवड्यात एनस्खेडेला परत जातोय. त्याला इथे करमत नाही." मग म्हणाली, "मला करमतं, आशिष. तू पण ये ना."
बघतो म्हणालो.
वर्षभर ज्याच्यावर जळलो, तो तर निघाला तिथून. ती थांबतेय. आता कुणाचं नाव घेऊन भांडू?