एकच आय

आय, परवा पांढुर्ण्याच्या कचेरीत खिडकीपुढे उभी होते आणि आतून आवाज आला, ‘आय कितनी है?’ माझ्या तोंडून ‘एकच’ निघता निघता राहिलं. मग तुझी आठवण आली आणि तिच्या मागोमाग राग आला. तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, राग मात्र जागचा हललेला नाही. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही.

सौंसरला आपल्या गल्लीतली सगळी पोरं माय म्हणायची. आपल्याच घरात तेवढं आय होतं, तुझ्या माहेराहून आलेलं. आणि कचेरी सगळी हिंदीत. तेव्हा घोळ व्हायचाच होता. धाकटी रांगायला लागली होती आणि तू जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला जायचीस. तिला बरोबर नेलं की ती खोकून खोकून निळी पडायची. त्याच सुमाराला शाळेमागे झूलाघर उघडलं. कामावर जाणाऱ्या बायांची लेकरं दिवसभर सांभाळायची, दुपारी दलिया द्यायचा, फी अगदी नावाला. पण ते सगळ्यांसाठी नव्हतं. सरकारनं एक हद्द आखली होती, घरची कमाई तिच्या आत असेल तरच लेकरू घ्यायचं, आणि त्यासाठी कचेरीचा दाखला लागायचा. धाकटीला जागा मिळाली तर मी शाळेत, नाही तर मी घरी तिला कडेवर घेऊन. मी चौथीत होते, पण हे मला पक्कं कळत होतं. म्हणून तर तुझ्या पदराला धरून मी कचेरीत आले.

बाबू खिडकीतून मान वर न करता विचारतो, ‘परिवार की आय कितनी है?’ तू पदर सावरतेस आणि म्हणतेस, ‘एकच हाय साहेब. मीच हाव.’ आत कोणीतरी चहाचा घोट सांडतो. सगळे हसतात, रांगेतले मराठी लोकही हसतात, ज्यांना तू काय म्हणालीस ते नीट कळलं तेच जास्त. तूही थोडी हसतेस, कारण सगळे हसत असताना गप्प राहणं बरं दिसत नाही. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. विचारलं त्याचंच उत्तर दिलं होतंस. आपल्या घरात एकच आय होती आणि घरात जे काही येत होतं ते तिच्यामुळेच येत होतं.

बाबू वाईट नव्हता. हसून झाल्यावर त्यानं सगळं समजावलं. आय म्हणजे कमाई, आणि तुझ्या मजुरीचं ठीक आहे, ती हद्दीच्या आतच आहे. पण नवरा? नवरा कोळशाच्या खदानीत, पक्क्या पगारावर. तो पगार घरात धरावाच लागणार. मग आपण हद्दीच्या कुठल्या कुठे बाहेर.

बाबांनी तिकडे खदानीजवळ, परासियाकडे दुसरं घर केलं होतं, हे सौंसरात कोणाला ठाऊक नव्हतं? पिठाच्या गिरणीवाल्यालाही ठाऊक होतं. त्यांचा पगार आपल्या चुलीपर्यंत कधी पोचला नाही. बाबूच्याही कानावर काही आलं असावं, कारण त्यानं आवाज खाली घेतला. ‘बाई, लिखवा दो ना कि छोड़ गया. एक लाइन की बात है. हो जाएगा काम.’

तू खिडकीची लाकडी चौकट घट्ट धरलीस. मी तुझ्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, सांग, सांग ना. आणि तू म्हणालीस, ‘नाही साहेब. येतेत ना ते. पैसे धाडतेत.’

तेवढं बोललीस आणि माझी शाळा संपली.

परत येताना मी रस्त्यातच रडायला लागले. ‘आय, तू खोटं काऊन सांगतलं? ते कुठी पैसे धाडून राहिले?’ तू चालतच होतीस. बाजार ओलांडून झाल्यावर म्हणालीस, ‘लोकाइच्या तोंडात हाय, तोवर असू दे. माह्या तोंडातून नाही निघाचं. एकडाव कागदावर चढलं का मंग उतरत नाही पोरी.’ मी म्हटलं, ‘मंग माही शाया?’ घरी आल्यावर माझं दप्तर उचललंस, झटकलंस आणि खुंटीवर टांगलंस, माझा हात पुरणार नाही इतकं उंच. ‘पुढच्या साली काढू,’ म्हणालीस. धाकटी दोन पायांवर चांगली पळायला लागली तेव्हा ते निघालं. तोवर माझ्या बरोबरीच्या मुली गावातल्या मोठ्या शाळेत गेल्या होत्या आणि मी लहान पोरांच्यात मागच्या बाकावर, घोड्यासारखी वाढलेली. दुपारी झूलाघराकडून दलियाचा वास आला की मला तुझा राग यायचा, अजून येतो.

बाबा आलेच नाहीत. तू मरेपर्यंत कुंकू लावत राहिलीस.

आता परवाचं सांगते. माझी लेक वर्षभरापासून माझ्याकडे आहे, पोटच्या पोरीला घेऊन. एका दवाखान्यात कामाला जाते. नातीला सवलतीच्या पाळणाघरात घालायचं, म्हणून आम्ही दाखल्याला गेलो. खिडकीत आता एक तरुण पोरगी बसते. तिनं विचारलं, ‘पति की आय?’ लेकीनं पापणीही हलवली नाही. ‘वो हमारे साथ नहीं रहते. छोड़ दिया है. लिख दो.’ चांगल्या मोठ्या आवाजात. त्या पोरीनं लिहिलं, शिक्का मारला, झालं. सोमवारपासून नात जाणार. लेकीची नोकरी टिकली.

जे तुझ्या तोंडून निघावं म्हणून मी जन्मभर तुझ्याशी भांडत आले, ते माझ्या पोटच्या पोरीनं माझ्यादेखत एका दमात सांगितलं. मला अभिमान वाटायला हवा होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘आई, मी बोलून राहिली होती तं तू मांगं काय पाहून राहिली होती?’ मी म्हटलं, ‘काही नाही, पंखा बंद होता वाटते.’

पंखा चालू होता, आय. मी रांग पाहत होते. ओळखीचं कोणी नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.