अल्टरनेटरचा बोल्ट

सोमवार, ९ जून

बाबांनी आज कमाल केली! बेकरीवाल्या काकांच्या व्हॅनचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, ज्या ब्रॅकेटवर बसतो, त्याच्या भोकातले आटे गेले. बोल्ट नुसता गरगर फिरतोय. काकांनी विचारलं, कसं झालं? बाबा तोंड वर करून म्हणाले — "पोरीच्या हातून झालं." मी त्या गाडीला हातही लावला नव्हता! गिऱ्हाइकासमोर भांडता येईना, अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मंगळवार, १० जून

बाबांशी अबोला. नवीन ब्रॅकेट यायला आठवडा. तोवर काका पाव काय डोक्यावर वाहणार? दुरुस्ती मीच करणार.

बोल्ट नीट पाहिला. आट्यांत ब्रॅकेटच्या ॲल्युमिनियमचा कीस, तोही एकाच बाजूला. म्हणजे वाकडा चढवला आणि वर पान्यानं रेटला. बाबांनी? "आधी बोटानं, पाना नंतर" हे माझ्याकडून घोकून घेतलं कुणी!

बुधवार, ११ जून

भोक मोठं केलं. टॅपनं नवे आटे पाडले — थोडं पुढे, थोडं मागे, मध्ये तेल. हवा मारून कीस उडवला. आत तारेची गुंडाळी बसवली. आता बोल्ट तिच्या आट्यांत धरणार. बोटानंच शेवटपर्यंत गेला! इतका आनंद झाला की अबोला विसरून हाक मारली — "बाबा, लावून बघा!"

त्यांनी बोल्ट लावला. वाकडा. साफ वाकडा. "लागला," म्हणाले आणि पाना उचलला. मी हातातून हिसकावला. "बाबा, बोटाला कळत नाहीये का?" ते हात धुवायला निघून गेले.

आईला गाठलं. ती रडायलाच लागली. "साखरेनं बोटं बधिर झालीत त्यांची. उकळत्या चहाचा कपसुद्धा कळत नाही. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला."

आणि मी दोन दिवस फुगून बसले होते. भीती वाटतेय. हे गॅरेज म्हणजे बाबांचा जीव आहे. ते सुटलं तर काय करतील?

गुरुवार, १२ जून

काका गाडी न्यायला आले. म्हणाले, "पुन्हा नाही ना मोडणार पोरगी?"

"नाही काका. सोमवारी माझंच चुकलं," मी म्हटलं.

आतून बाबा ओरडले — "खोटं बोलतेय ती! माझ्या हातून झालं. बोटं गेलीत माझी." मग बाहेर आले आणि बोल्टांचा डबा माझ्यापुढे ठेवला. "यापुढे बोल्ट हीच लावेल. मी शेजारी बसून चुका काढीन."