हलीमाबी दोन एसट्या बदलून येतात

२ जुलै २००९, गुरुवार

परिपत्रक आलं. एचआयव्हीच्या गोळ्यांवर ज्यांची तब्येत स्थिर आहे, त्यांना दर महिन्याला तपासून गोळ्या देण्याचं काम आता नर्सचं. डॉक्टरने फक्त अडलं तर बघायचं. कागदावर ठीक आहे. पेशंट मात्र माझ्या सवयीचे आहेत. रागिणी सिस्टरना म्हटलं, घाबरू नका, मी शेजारच्या खोलीत आहेच. त्या घाबरलेल्या दिसल्या नाहीत. अजून कल्पना आलेली नसावी.

संकल्प: गुरुवारी माझं दार उघडं ठेवणे. पेशंट आपोआप वळतील.

९ जुलै, दुपारी १

कोणी वळलं नाही. निंदणाचे दिवस, लोकांना घाई असते. अकरा पेशंट सिस्टरकडे गेले. आतून हसण्याचे आवाज. माझ्या खोलीत सहा वर्षांत कोणी हसलेलं नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

हलीमाबी आल्या होत्या. वलगावला ब्लाऊज शिवतात. वलगाव ते अमरावती एक एसटी, अमरावती ते इथं नांदगाव खंडेश्वरला दुसरी. घराजवळचं अमरावतीचं सेंटर सोडून माझ्याकडे, हे सिस्टरच्या लक्षात आणून दिलं. त्या गोळ्या मोजत राहिल्या.

हलीमाबींच्या गोळ्यांच्या डबीत कापूस कोंबलेला होता. त्या निघाल्या तेव्हा व्हरांड्यातच थांबवून मोठ्याने सांगितलं, एचआयव्हीच्या गोळ्यांत कापूस घालू नका, ओल धरतो. म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. सगळा व्हरांडा ऐकत होता. नंतर सिस्टर म्हणाल्या की एसटीत डबी वाजू नये म्हणून त्या कापूस घालतात. असेल. ओल ती ओलच.

६ ऑगस्ट, गुरुवार

हलीमाबींची तारीख आज. आल्या नाहीत. दार दिवसभर उघडं होतं. माशा आल्या.

१३ ऑगस्ट, गुरुवार

आजही नाहीत. गोळ्या तीस दिवसांच्याच होत्या. शनिवारीच संपल्या असणार. असा खंड पडला की औषध लागू पडेनासं होतं, आणि मग पुढचं अवघड. सिस्टर फोन करतो म्हणाल्या. म्हटलं, राहू द्या, हे डॉक्टरनेच करायचं काम आहे. उद्या स्वतः घरी जाणार. जुन्या काळी डॉक्टर घरी जात, तेव्हा मान होता.

१४ ऑगस्ट, रात्री ८

आमची गाडी शेतकऱ्यांच्या सरकारी पॅकेजच्या पाहणीला गेलेली. जिल्ह्याहून प्रचाराची जीप मिळवली. वलगावच्या स्टँडवर ड्रायव्हर पुंजाराम म्हणाला, इथूनच पायी जा. कारण विचारलं.

"साहेब, गाडीवर का लिवलं हाये ते पाहा."

दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत एड्स नियंत्रण. म्हटलं, सरकारी गाडी आहे, लपवायचं काय? गल्लीत थेट दारापर्यंत नेली. अर्धं वलगाव जमलं. डॉक्टरविषयी आदर अजून आहे.

हलीमाबी दारात आल्या. गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोन डॉक्टर? आमच्या घरी कोनी बिमार नाही."

दार लावून घेतलं. आजाराचा स्मरणशक्तीवर परिणाम? वाचून बघणे.

अकोल्याला बायकोला फोन करून सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, जेवलात का. लाइन खराब असावी.

२० ऑगस्ट, गुरुवार

सिस्टर रविवारी वलगावला गेल्या होत्या. मला न विचारता. ब्लाऊजपीस घेऊन, गिऱ्हाईक म्हणून. पीसमध्ये गुंडाळून गोळ्याही नेल्या, पण तपासणीला यावंच लागेल. जीप येऊन गेल्यावर तिघी बायकांनी हलीमाबींकडून आपलं कापड परत नेलं. सिस्टरनी मात्र माप दिलं. वर दोन ब्लाऊज आणखी शिवायला टाकले.

मी म्हटलं, आता येतील ना? सिस्टर टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या,

"सर, पुढच्या गुरुवारी तुमी रजा घेसान का? हलीमाबी म्हणते, मोठे डॉक्टर नसतील त्या दिवशी येतो."

मी विचार करून सांगतो म्हटलं. मग विचारलं, त्या इतक्या दुरून इथं काहून येत होत्या? सिस्टर म्हणाल्या, इथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं म्हणून.

व्हरांड्यात ओळख मीच करून दिली होती.

दार लावून घेतलं. वारा होता.

२७ ऑगस्ट, गुरुवार

रजा. अर्जात कारण लिहिलं, खासगी काम. अकोल्याला येतो म्हणून कळवलं होतं. बायको म्हणाली, आज माझी आणि मुलीची, दोघींचीही शाळा, रविवारी या. मग अमरावतीच्या स्टँडवर बसलो. घरून नेलेला डबा तिथंच खाल्ला.

पावणेबाराला वलगावची गाडी लागली. हलीमाबी उतरल्या. मी पेपर वर केला. त्या माझ्या बाकासमोरून नांदगाव खंडेश्वरच्या गाडीकडे गेल्या. हातात पिशवी होती. कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही.

अडीच वाजता सिस्टरचा फोन. हलीमाबी आल्या, तपासणी झाली, गोळ्या नेल्या. पुढची तारीख २४ सप्टेंबर.

त्या दिवसाच्या रजेचा अर्ज स्टँडवरच लिहून टाकला.