तो मोत्यांचा हार नव्हता

प्रिय मिनू,

आईच्या गॅलरीत बसून आपण दोघी माझी काळी साडी रफू करत होतो, ती दुपार तुला आठवते? समोरच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते आणि आपल्या दोघींच्या मांडीवर मिळून तो पदर पसरला होता. तू माझ्याकडे न बघता सुईत धागा ओवत होतीस. मांजानं फाटला, म्हणालीस. मी विचारलं, मग हा चिकट डाग कसला? मांजाला काच असते, वंगण कुठे असतं? त्यावर तू धागा दातानं तोडलास आणि म्हणालीस, "ताई, तू पोलिसात जा." मग आपण दोघी हसलो.

हसण्यावारी नेलास तू माझा प्रश्न आणि मी नेऊ दिला. पण विसरले नाही हं. रफू सुरेख झालं होतं, डाग मात्र अजून आहे. दर संक्रांतीला साडी बाहेर काढली की माझं बोट आधी तिथेच जातं.

आज लिहायला बसले त्याचं कारण तोच डाग. एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला आहे आणि संक्रांतीच्या आत त्यांना उत्तर हवं आहे. उत्तर मला आता ठाऊक आहे. पण ते तुझं आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय कसं देऊ?

"खटाखट"चे चाहते अजून आहेत, हे तुला खरं वाटलं असतं का? कॉलेजांची गॅदरिंगं, नवरात्र, लग्नं, एके काळी सगळ्या सुरतला नाचवणारा तो पाच पोरांचा बँड. ड्रम वाजवणाऱ्याच्या वडिलांचा उधन्याला मागांचा कारखाना होता. पोरं त्याच्या मागच्या खोलीत सराव करायची, म्हणजे मागांच्या आवाजात यांचा आवाज कोणाला ऐकू जायला नको. त्यावरूनच बँडचं नाव पडलं. बँड मोडून किती वर्षं झाली, पण लोकांनी त्यांच्या कॅसेटी, पोस्टरं, तिकिटं जपली आहेत. फोनवर त्यांचा गट आहे आणि तिथे ते तासन्‌तास भांडतात. कशावरून? तर पहिला कार्यक्रम नक्की कधी झाला यावरून!

तो झाला कारखान्याच्या छतावर, एवढं सगळ्यांना मान्य. पण आठवण म्हणून नंतर काढलेल्या पोस्टरवर तारीख नाही, टेपवर तारीख नाही. एकच रंगीत फोटो आहे, जुना झाल्यामुळे लालसर पडलेला. आता ते लोक ती टेप साफ करून घेणार आहेत आणि सोबत एक छोटी पुस्तिका छापणार आहेत. तारीख हवी ती त्यासाठी.

या गटाच्या म्होरक्या हेतलबेन रोज सकाळी बागेत माझ्याबरोबर चालतात. कॉलेजात इतिहास शिकवायच्या, त्यामुळे सगळ्याला पुरावा मागतात. एक दिवस त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. तुम्ही जुन्या सुरतच्या, हे छत ओळखता का, म्हणाल्या.

छत कुठलं ओळखते मी! छतावर माइकसमोर काळी साडी नेसलेली एक मुलगी उभी होती. तिनं मान वळवली होती, चेहऱ्याचा जेमतेम गाल दिसत होता. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

हेतलबेन सांगत होत्या की मागे तारेवर पतंग अडकलेला दिसतो म्हणून काही जण म्हणतात, हा उत्तरायणाचा कार्यक्रम. पण ते शक्य नाही. का, तर मुलीच्या अंगावर काळं आहे. "तहेवारमां काळुं कोण पहेरे?" सणाला काळं नेसायची सुरतेत कोणाची छाती होईल? आणि बँडमधले नितीनभाई स्वतः सांगतात की तो डिसेंबरातला एखादा रविवार असावा. ती मुलगी त्यांच्याच नात्यातली कोणीतरी होती, नाव आता आठवत नाही. मग त्यांनी थेट मलाच विचारलं, कोण असेल ही मुलगी, संक्रांतीच्या आत कळलं तर छापता येईल.

नितीनभाई म्हणजे तुझ्या वर्गातल्या अल्पाचा मोठा भाऊ. गिटार वाजवायचा तो. आता रिंग रोडच्या मार्केटात त्यांचं ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. आपल्या शाळेच्या क्वायरचा नाताळचा कार्यक्रम ऐकायला तो एकदा अल्पाबरोबर आला होता, आठवतं? मला आठवतं. आठवलं आणि माझा पहिला संशय त्याच्यावरच गेला.

घरी येऊन मी तो फोटो रेवाकडून संगणकावर मोठा करून मागवला. तुझ्या लेकीनं विचारलं, मावशी, कोण आहे ही? मी म्हटलं, बघू. तिला पुण्यात बसून काय कळणार, आणि मला तरी अजून काय कळलं होतं? एवढंच की काळी चंद्रकळा होती, बारीक रुपेरी बुट्ट्यांची, माझ्या सासूबाईंनी पहिल्या संक्रांतीला दिलेली. आपल्या लोकांत संक्रांतीला काळंच नेसतात, हे हेतलबेनना कोण सांगणार?

आणि गळ्यात हार. त्यांच्या गटात सगळे त्याला मोत्यांचा हार म्हणतात. एकानं तर त्यावरून मुलगी पैसेवाल्या घरातली ठरवली आहे. मिनू, मी मोठा केलेला फोटो बघितला आणि खुर्चीत मागे टेकून बसले. त्या मोत्यांना काटे होते. मधे मधे काळी रेशमी गाठ होती. तो आईनं माझ्यासाठी ओवलेला हलव्याचा हार होता!

हार शेजारच्या मुलांनी खाल्ला, असं तू मला सांगितलं होतंस. मी त्या बिचाऱ्यांना रागावलेसुद्धा.

तर वर्ष कळलं. माझ्या लग्नानंतरची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने काही पेटीत ठेवायचे नसतात, दिवस-दोन दिवसांत ते खाल्ले जातात. म्हणजे डिसेंबर नाही, की पुढचा कुठला रविवार नाही. पण संक्रांतीच्या संध्याकाळी तर ती साडी आणि तो हार माझ्या अंगावर होते. आईचा दिवाणखाना हळदीकुंकवाच्या बायकांनी भरला होता आणि तू वाण वाटत होतीस. मग फोटोत तू कशी?

टेपही ऐकली. त्यातलं दुसरं गाणं मुलीच्या आवाजात आहे. आवाज कोवळा आहे, मी शपथेवर सांगू शकले नसते. पण गाणं संपताना ती शेवटचा सूर ओढत नाही, कपबशी टेबलावर न वाजवता ठेवावी तसा ठेवून देते. सिस्टरनी क्वायरमध्ये आपल्याकडून हेच घोटून घेतलं होतं. मला ते कधी जमलं नाही. तुला पहिल्या दिवशी जमलं.

आणखी एक गोष्ट मला खुपली. टेप एकदम गाण्याच्या मधूनच सुरू होते. हेतलबेन म्हणाल्या, नितीनभाईंनी प्रत दिली तीच अशी. मग मूळ टेपची सुरुवात गेली कुठे? कोणी कापली, आणि त्यात काय होतं? मला तर खात्रीच झाली. हा माणूस तुझं गाणं आपल्या कुठल्या तरी चुलतबहिणीच्या नावावर खपवणार. तुझं नाव एकदाच कुठे छापून यायची वेळ आली होती आणि तेही कोणी दुसरीनं घ्यायचं?

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर तुझ्या भाऊजींना सांगत होते. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, त्या नितीनभाईंच्या दुकानात जाऊन विचारते, डिसेंबर कुठून काढला म्हणून. आणि तो डाग, तो पदर, मांजानं खरंच फाटला होता का, देव जाणे.

"स्कूटरच्या चाकात गेला होता," हे म्हणाले. पेपर खाली न ठेवता.

मिनू, इतकी वर्षं या माणसाबरोबर मी एका ताटात जेवले!

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. किंक्रांतीचा दिवस होता. मी तापानं फणफणून आईकडे पडले होते. हे मला बघायला आले आणि औषध आणायला म्हणून बाहेर पडले, ते दिवस मावळल्यावर परतले. किंक्रांत म्हणजे सुरतेतलं वासी उत्तरायण, सगळी दुकानं बंद होती, असं सांगितलं. मला तेव्हाच ते पटलं नव्हतं. तूही घरी नव्हतीस, पण तू अल्पाकडे पतंग उडवायला गेली आहेस हे आईनं ऐकवलं होतं. प्रत्यक्षात तू माझी साडी नेसून यांच्या स्कूटरवर मागे बसून उधन्याला गेली होतीस. वाटेत पदर चाकात गेला. तू रस्त्यात उभं राहून तो खांद्यावर पिनांनी वर घेतलास आणि तशीच गायला उभी राहिलीस. फोटोत पदर तसाच वर घेतलेला दिसतो. मला ती फॅशन वाटली होती.

किंक्रांतीला आपल्याकडे कोणी साधी नवी पिशवीसुद्धा वापरायला काढत नाही. आणि तू बँड सुरू केलास!

बाबांना कळलं असतं तर काय झालं असतं, ते मी जाणते. बँकेतून घरी आल्यावर त्यांना घरात रेडिओ चालायचा तो बातम्यांपुरता. गाणं देवघरापुरतं. त्यात तुझी स्थळं बघणं चालू होतं. म्हणून तू सगळ्यांकडून वचन घेतलंस. पाच पोरांकडून, अल्पाकडून, भाऊजींकडून. मला एकटीला वगळलंस.

का गं? मी यांना तेच विचारलं. बहीण ना मी तिची? एका खाटेवर झोपायचो आम्ही. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता?

यांनी तेव्हा कुठे पेपर खाली ठेवला. "ती म्हणाली होती, ताईला सांगू नका. ताईला खोटं पचत नाही. बाबांनी समोर उभं करून विचारलं तर तिचा जीव जाईल. तिला काही ठाऊकच नसू दे."

मी ताट उचलून आत गेले. नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी तरीही नितीनभाईंच्या दुकानात गेलेच. संशय असा एका रात्रीत उतरत नाही. केस पांढरे झालेत, पण कान तसेच मोठे. मी तुझी बहीण म्हटल्यावर त्यांनी गिऱ्हाईक सोडून मला खुर्ची दिली. तू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. बराच वेळ ते एक कापड घडी करत राहिले, पुन्हा उलगडत राहिले.

डिसेंबर का सांगितला, मी विचारलं. तर म्हणाले, मीनाबेनना शब्द दिला होता. तारीख खरी सांगितली असती तर काळ्या साडीवरून कोणीतरी मराठी घर शोधलं असतं, आणि घर सापडलं की नाव सापडलं असतं. म्हणून पोस्टरवर तारीख टाकली नाही. टेपवर लिहिली नाही. लोक विचारत गेले तसे नितीनभाई डिसेंबर सांगत गेले. ज्या तारखेसाठी हेतलबेन आणि त्यांची मंडळी भांडतात ती हरवलेली नव्हतीच, मिनू. तुझ्यासाठी लपवलेली होती.

टेपची सुरुवात त्यांनी घरी जपून ठेवली होती. संध्याकाळी मुलाच्या हाती पाठवली. मी आणि हे दोघांनी मिळून ऐकली. आजूबाजूच्या छतांवर आरडाओरडा चालला आहे, कुठे थाळी वाजते आहे. मग नितीनभाईंचा कोवळा आवाज सगळ्यांना शांत व्हायला सांगतो आणि विचारतो, आपका नाम बता दीजिए. आणि तू म्हणतेस, "नाम रहने दो. गाना सुनो."

एवढंच. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात भीती नाही गं. हसू आहे. दाराआडून आपण आईची गंमत करायचो तेव्हाचं.

एक शंका मात्र मी ठेवून घेते. पोस्टरवर तारीख न टाकणं समजू शकते, पण इतकी वर्षं एखादा माणूस नुसता दिलेला शब्द असा पाळतो? अल्पाचा भाऊ तुला कोण होता, मिनू? हे मी त्यांना विचारलं नाही. पोलिसात गेले नाही मी, नाही तर विचारलं असतं.

आता हेतलबेनचा प्रश्न. काळ्या साडीतली ती मुलगी कोण? तू म्हणाली होतीस, नाव राहू दे. पण ते बाबांच्या धाकानं. बाबा गेले, आई गेली, तुझे यजमान सुहासरावही तुझ्याआधी गेले. लग्नानंतर तू कोणासमोर गायली नाहीस आणि रेवाला आपली आई गात होती हेच माहीत नव्हतं. काल फोनवर तिला ते गाणं ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, "मावशी, परत लाव."

म्हणून मी सांगणार आहे. उद्या सकाळी बागेत. मला समोर उभं करून विचारलंय, आणि मला खोटं पचत नाही, हे तूच सगळ्यांना सांगून गेलीस. रागाव हवं तर. मोठी बहीण आहे मी, तुझा राग सोसेन. पण त्या पुस्तिकेत कार्यक्रमाच्या दिवसापुढे वासी उत्तरायण लिहिलेलं असेल, आणि गायिकेपुढे तुझं नाव. पूर्ण नाव, माहेरचं. हा माझा शब्द.

आणि आता कोणाला काय द्यायचं ते.

काळी साडी रेवाला. रफू उसवायचं नाही आणि डाग काढायला कुठे द्यायची नाही.

पूर्ण टेप हेतलबेनना, "नाम रहने दो" यासकट. ते वाक्य कोणी कापायचं नाही.

फोटोची पहिली मोठी प्रत नितीनभाईंना. का, ते विचारायचं नाही.

तुझ्या भाऊजींना तिळगूळ. दर वर्षी पहिला त्यांना मिळतो, यंदा सगळ्यांत शेवटी मिळेल. ठाऊक आहे त्यांना.

आणि तुला हार. रेवानं पुण्याहून हलवा पाठवला आहे, काळा रेशमी धागा माझ्याकडे आहेच. किंक्रांतीला तुझ्या फोटोला घालेन. यावेळी शेजारच्या मुलांना बोलावून खायला देणार आहे, म्हणजे तू सांगितलेलं तेवढं तरी खरं होईल.

तुझी,
ताई