बंद घरातले मतदार

माळवस्ती, ता. इंदापूर
६ जानेवारी

तीर्थरूप मोहनकाकांस, निकिताचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते. आई पंचायतीला उभी राहिल्यापासून घरचा चहा आबांकडे, म्हणजे तुमच्या दादांकडे आहे. चार वेळा दूध नासलं, पण हौस कायम.

आईचं मागणं एकच: नवी पाइपलाइन आधी वस्तीला यावी. समोरचं पॅनेल ती तुमच्या प्लॉटिंगकडे नेणार. तिथं कुणी राहत नाही. तरी तुमच्या बंद फार्महाऊसच्या पत्त्यावर तुमच्या हडपसरच्या सोसायटीतली माणसं मतदार झाली आहेत. आमचं पाणी त्यांनी ठरवावं? काका, त्यांना आणू नका. तुम्हीही येऊ नका.

राग मानू नये, माया ठेवावी.
निकिता

हडपसर
१० जानेवारी

चि. निकिता हीस काकाचे आशीर्वाद.

घरात पहिली पदवी तुझी, पेढे मी वाटले. आता काकालाच कायदा शिकवतेस व्हय? लोकांनी प्लॉटला पैसा घातलाय, घरपट्टी भरतात, मग मत का न्हाय? वहिनींना सांग, मनात काही न्हाय. पडल्या तरी आमच्या वहिनीच.

दादांना नमस्कार. अभ्यास कर, राजकारण नको.
मोहनकाका

माळवस्ती
२२ जानेवारी

ती. काकांस सा. न.

आई पडली, हे तुम्हाला कळलंच. तुमच्या बसमधल्या एका गृहस्थांनी रांगेत मलाच विचारलं, की आज सरपंच निवडायचाय की आमदार. मग ते मत देऊन आले. जेवणावळीच्या पत्रावळ्या अजून कालव्यात तरंगताहेत, काठावर हाडं पडलीत. शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या, आमी हितं राहून पाव्हणं झालो. मला तुमची किळस आली. आबा म्हणाले, असं लिहू नये. लिहिलं.

निकिता

हडपसर
१८ एप्रिल

चि. निकितास आशीर्वाद.

लहान आहेस, सोडून दिलं. प्लॉटवर नळ आला म्हणे. आंब्याची रोपं लावलीत, ऊन फार हाय. वहिनींना सांग, रोज सांजेला पाणी घालत जावं. चावी दादांकडं हाय.

मोहनकाका

माळवस्ती
२५ एप्रिल

ती. काकांस सा. न.

निरोप दिला. आईनं चावी घेतली आणि लीलाबाईंसह सगळ्या वस्तीला हंडे घेऊन बोलावलं. आता रोज तुमच्या नळावर रांग असते. रोपं वाळली.

बंद घरातली सगळी नावं यादीतून काढावीत, असा अर्ज मी इंदापूरला तहसीलमध्ये दिला आहे. त्यात पहिलं नाव तुमचं आहे. आबांनीही सही केली.

काकूंना नमस्कार. त्यांनी कधीही राहायला यावं.
निकिता