क्लचवरचा पाय

घुग्घुस

प्रिय माधवी,

अक्षर पाहून दचकू नको, गुमान पुढं वाच. मले लिहिता येत नाई, मी तुझी आजी बोलून राह्यले आन् समोरचा लिहून राह्यला. लिहिणारा कोण, ते मागून सांगते. तुले एकच गोष्ट ऐकाची आहे हे मले माहीत आहे: अश्विनसाठी बाप हो म्हणाला का? वर्ष होत आलं, तो हो म्हणत नाई, नाई म्हणत नाई. तू फोन केला की तो "पाहू, पाहू" करते आन् फोन माह्या हातात देते. थांब जराशी. आधी त्याच्या लाल गाडीचं ऐक, मग तुझं.

खाणीच्या साहेबाच्या बंगल्यामागं कोंबड्या जिच्यात अंडी देत होत्या, तीच दोन सीटांची, बिनटपाची इंग्रजी गाडी. तू नर्स होऊन गडचिरोलीले गेली तेव्हा तिले चाकंही नव्हती. बापानं ती घेऊन दुरुस्त केली, आता अशी चमकते, की मी तिच्यात पाहून पदर नीट करते. गल्लीतल्या बाया म्हणतात, देवरावनं म्हातारपणी दुसरी केली. मी म्हणते, केली तर केली, ही उलटून तरी बोलत नाई.

पण बोलाले लागली. क्लचमधून कीर्रर्र. पाय बाजूला असला की गप्प, पेडलवर भार पडला की सुरू. जाफरभाऊ मिस्त्री म्हणाले, क्लचची बेरिंग गेली. इंजिन उतरवलं, नवी टाकली. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा कीर्रर्र. पुन्हा उतरवलं. गंमत अशी, की जाफरभाऊ चालवतात तेव्हा गिअर बदलतानाच जरासा आवाज, आन् तुझा बाप चालवते तेव्हा रस्ताभर. जाफरभाऊ म्हणाले, देवरावभाऊ, गाडीले तुमचाच राग आहे. मग ते बाजूले बसून, डोळे मिटून, कान खाली लावून घुग्घुसभर फिरले. दोघंही नुसते ऐकत होते.

मले तर कमी ऐकू येते. मागच्या हप्त्यात रंभामावशीकडे कोरपन्याले निघाले, तर देवराव म्हणे, आई, ऐक, ऐक, आला आवाज! मले काय कपाळ येणार? म्हणून मी पाहत बसले. पाहते तर काय, त्याचा डावा पाय पेडलवरून उठतच नाई. दाबतही नाई, सोडतही नाई, नुसता ठेवलेला. बेरिंग बिचारी घासून घासून रडणार नाई तर काय करन?

तुले माहीत आहे, त्याचा जन्म कोळशाच्या ट्रकावर गेला. खाणीच्या फाटकापाशी रांगेत उभं असताना क्लचवरून पाय काढला, निघाले जरासा उशीर झाला, की मधात दुसरा ट्रक घुसते. रांग सुटली, ट्रक सुटला, पाय तिथंच राह्यला. मी म्हटलं, काढ पाय. तर म्हणे, काढला तर कसंतरीच वाटते आई. मी म्हटलं, सपाट रस्ता आहे, समोर कापसाची बैलबंडी आहे, कोण घुसते मधात? शेवटी काढला. काढला आन् त्याचं तोंड असं झालं, जसं पहिल्यांदा दात पडल्यावर झालं होतं. आवाज बंद! कोरपन्यापर्यंत हसत गेला. मीही हसले. आवाज मले आधीही येत नव्हता, पण तोंड दिसत होतं.

येताना मात्र मी सोडलं नाई. म्हटलं, देवराव, पोरीच्या लग्नावरही तुझा असाच पाय आहे. पोरगा गडचिरोलीकडच्या मुलचेऱ्याचा, बंगाली, मासे खाते, एवढंच ना? मग आपण काय नुसती सुपारी खाऊन राहतो? दाबाचं तर दाब, सोडाचं तर सोड, पोरीले काऊन झिजवतं? घरी येऊन गाडी पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. मग म्हणे, आई, फोनवर माह्या तोंडातून निघत नाई. मी म्हटलं, मग कागद आण.

तर पोरी, हा लिहिणारा तुझा बापच आहे. आपली सगळी फजिती त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली, मधात दोनदा पेन ठेवून चहा पिऊन आला. आता मी त्याले सांगते, लिही: "माधवी, अश्विन मले पसंत आहे. येत्या रविवारी मी आन् आई लाल गाडीनं त्याच्या घरी येतो." त्यानं तेच लिहिलं की दुसरंच काही, मले कसं कळन? वाचून तूच पाह्य.

तुझीच, बाजूच्या सीटवरची
आजी बायनाबाई

ता. क. हे आईनं सांगितलेलं नाही, माझं आहे. तिनं सांगितलं तेच लिहिलं. अश्विनला विचार, गाडी चालवता येते का. पाय कुठं ठेवायचा नाही, ते मी शिकवीन.
— बाबा